बाकी काहीही आलं तर

यशस्विनीशी माझं पहिलं भांडण एका बटणावरून झालं. म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या आमच्या छोट्या कंपनीत ती नुकतीच आली होती. लॅबमध्ये रक्त तपासणारी जी यंत्रं असतात, त्यांच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर चालणारे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. मी लिहिलेल्या एका पडद्यावर 'सुरू करा' हे बटण मधूनच मरायचं. दाबलं तरी ढिम्म. मी नेहमीसारखं एक ठिगळ लावलं आणि कॉफी प्यायला उठले, तर परत येईपर्यंत ही माझ्या खुर्चीत बसून माझा कोड वाचत होती.

"तुंगा," ती म्हणाली, "ह्या बटणाला कोण कोण हात लावतंय, तुला तरी ठाऊक हाय काय?"

मला राग आला. कारण उघड होतं, मला ठाऊक नव्हतं.

ती स्वतः एफ-शार्प नावाच्या भाषेत लिहायची. फंक्शनल म्हणतात त्या जातीची ही भाषा. आमच्या नेहमीच्या पद्धतीत पडदा रस्त्यावरच्या नळासारखा असतो. कुणीही यावं, फिरवून जावं. तिच्या पद्धतीत पडद्याला कुणी परस्पर हात लावायचा नाही. प्रोग्रॅम या घडीला कुठल्या अवस्थेत आहे ते एकाच ठिकाणी मांडलेलं असतं. माणसाने काही दाबलं की तो एक निरोप होतो. मग एक फंक्शन ती जुनी अवस्था आणि तो निरोप घेतं आणि नवी अवस्था काढून देतं, आणि तिच्यावरून पडदा उमटतो. जुनं खोडून त्यावर लिहायचं नाही, नवं करायचं. शिवाय या भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड तपासून यंत्राला समजेल असा करून देणारा प्रोग्रॅम, भलता चौकस. या अवस्थेत हा निरोप आला तर काय करशील, तो आला तर काय करशील, असं विचारत बसतो, आणि एक जरी उत्तर राहिलं तरी कुरकुरतो.

तिने माझा पडदा तिच्या पद्धतीने पुन्हा लिहिला. बटण परत मेलं नाही. मी काही दिवस तिच्याशी नीट बोलले नाही, आणि मग आमची मैत्री झाली.

नीटनेटकेपणा तिच्या हाडात होता. डब्यात चटणी आणि भात एकमेकांना लागलेले तिला चालायचे नाहीत. टेबलावर लोंबणारी वायर दिसली की ती गुंडाळून ठेवायची, माझीसुद्धा, न विचारता. "चुकीची अवस्था मांडताच येऊ नये," हे तिचं लाडकं वाक्य. म्हणजे प्रोग्रॅमची रचनाच अशी करायची की चूक करायला जागा उरू नये. मी म्हणायचे, बाई गं, तुझ्या प्रोग्रॅममध्ये राहायला गेलं तर शिंकायचीसुद्धा परवानगी काढावी लागेल. ती हसायची नाही. थोडा विचार करून विचारायची, "शिंक हा निरोप धरायचा की अवस्था?"

ती म्हैसुरातल्याच नजरबादची. तिच्या घराण्यातले कुणी म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते. आता घोडा गेला, फौज गेली, नावामागचं 'राव' तेवढं राहिलं. वडील मानाजीराव सरकारी बसवर कंडक्टर होते, म्हैसूर ते हुणसूर. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणते. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा ते निवृत्त झाले होते, पण त्यांचं तोंड झालं नव्हतं. मी उंबऱ्याच्या आत येईपर्यंत त्यांनी विचारून घेतलं होतं: कुठून आलीस, जेवलीस काय, आई कुठल्या गावची, ही चप्पल कुठे घेतलीस. वाक्य कन्नडमध्ये निघायचं आणि मराठीत पोचायचं. हुणसूरकडचे तंबाखूवाले, शाळेच्या बाई, बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांची त्यांना खबर असायची. कुणाचा मुलगा पास झाला, कुणाची सून माहेरी येऊन बसली. लोकांना विचारत सुटणं हे त्यांचं कामच होतं, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

मग एका सकाळी ते न्हाणीघरात पडले. स्ट्रोक. उजवा हात लुळा पडला, पाय हळूहळू सावरला, बोलणं मात्र गेलं. डोकं शाबूत होतं. आपण म्हणू ते जवळजवळ सगळं त्यांना कळायचं, पण स्वतःचा शब्द ओठांपर्यंत यायचा नाही. फक्त एक उरला, 'सरी'. कन्नडमधलं 'बरं'. पाणी हवं का, सरी. पंखा बंद करू का, सरी. पाय दुखतोय का, सरी. त्यांना बोलायला शिकवायला येणाऱ्या बाईंनी घरच्यांना बजावलं होतं की याला होकार समजू नका. असा एखादा शब्द मागे राहून जातो आणि माणसाला काहीही म्हणायचं असलं तरी तोच बाहेर पडतो. पण ऐकतो कोण. ज्याच्या तोंडून फक्त 'बरं' निघतं त्याच्याबरोबर राहणं फार सोयीचं असतं. हळूहळू घरातल्यांनी त्यांना काही विचारायचंच सोडून दिलं.

यशस्विनीला ते सहन होईना. तिने आप्पांसाठी प्रोग्रॅम लिहायला घेतला. मोबाइलवर त्यांचं बोट थरथरून नको तिथे लागायचं, म्हणून ऑफिसने टाकायला काढलेला एक मोठा टच स्क्रीन आणि कॉम्प्युटर तिने मागून आणला आणि नजरबादच्या घरात, दारासमोरच्या टेबलावर मांडला. पडद्यावर मोठमोठी चित्रं होती: घरातल्या माणसांचे फोटो, पाणी, कॉफी, जेवण, गोळी, टीव्ही, बस, जा, ये, झोप, हो, नाही. आप्पांनी डाव्या हाताने चित्रं दाबायची आणि यंत्राने बोलायचं. आवाज कुणाचा, हा प्रश्न आला. कॉम्प्युटरातला तयार मराठी आवाज ऐकून आप्पांनी तोंड वाकडं केलं. तो पुण्याहून बातम्या देत असल्यासारखा वाटायचा, आणि नजरबादेत तसं मराठी कुणी बोलत नाही. शेवटी आप्पांचे थोरले भाऊ दत्तोजीराव, यशस्विनीचे काका, यांनी सगळे शब्द रेकॉर्ड करून दिले. भावाभावांचा आवाज सारखाच. फक्त काकांना प्रत्येक शब्द हुकूम सोडल्यासारखा बोलायची सवय, त्यामुळे आप्पांची कॉफीसुद्धा जरबेने मागितली जायची.

प्रोग्रॅम देखणा होता. मी त्या पद्धतीची मुद्दाम स्तुती करणारी बाई नाही, तरी सांगते. तिने चित्रांच्या जाती ठरवल्या होत्या: माणसं, वस्तू, कामं. कुठल्या जातीनंतर कुठली येऊ शकते, तेही ठरलेलं. 'पाणी' दाबलं की 'पाहिजे' आणि 'नको' एवढीच चित्रं उजळ राहायची आणि बाकी सगळी फिकी व्हायची. मग यंत्र स्वच्छ बोलायचं, मला पाणी पाहिजे. चुकीचं वाक्य तयार होणंच अशक्य. आणि फिक्या चित्रावर बोट पडलंच तर? त्याचीही सोय होती. मुख्य फंक्शनच्या शेवटी तिने एक ओळ लिहिली होती, ती मला कौतुकाने दाखवली. एक अंडरस्कोर, एक बाण आणि पुढे जुनीच अवस्था. म्हणजे, बाकी काहीही आलं तर आहे तसंच राहू दे. ही ओळ लिहिली की कंपायलरची कुरकुर एकदम बंद होते, कारण मग प्रत्येक निरोपाला काही ना काही उत्तर मिळालेलं असतं.

सुरुवातीला आप्पांनी पडदा हौसेने वापरला. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. मग त्यांचा हात कमी कमी जाऊ लागला. पुढे पुढे ते दिवसातून एकदा कॉफी मागायचे आणि बाकी वेळ दाराबाहेर बघत बसायचे. यशस्विनी प्रोग्रॅम तपासायची. कुठे अडकत नव्हता, कुठे बंद पडत नव्हता. ती म्हणायची, यात चूक नाहीच काही.

याच सुमाराला माझा धाकटा भाऊ विश्वेश आणि तिची धाकटी बहीण भव्या यांचं जमलं. दोष माझाच, मला घ्यायला तो नजरबादला यायचा आणि मी मुद्दाम उशीर करायचे. आमचं घर सोवळ्याचं, त्यांच्याकडे रविवारी मटण. दोन्ही घरांत मराठी, पण फोडण्या वेगळ्या. माझे वडील नरसिंहमूर्ती फार हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी आठवडाभर विचार करून सांगितलं की मुलगी चांगली आहे, मटणाचं त्यांचं ते बघतील. आमच्याकडचं मिटलं. उरले आप्पा.

मानाजीरावांच्या घराण्यात एक चाल आहे. साखरपुड्याला, इकडे निश्चितार्थ म्हणतात त्याला, मुलीच्या बापाने चार माणसांत 'मुलगी दिली' असा शब्द द्यायचा. भटजी-बिटजी त्याच्यानंतर. आणि बाप हयात असताना तो शब्द दुसऱ्या कुणी द्यायचा नाही.

"त्यात काय एवढं," दत्तोजीराव म्हणाले. "मी विचारतो, मानाजी सरी म्हणतो. आय्तु, झालं काम."

"ते त्यांचं 'हो' न्हवे, काका," यशस्विनी म्हणाली. "ते सुम्ने, उगाच तोंडात राहिलंय. आप्पा मशीनवर बोलतील."

भव्याने तर सरळच सांगितलं. "आप्पा मनापासून हो म्हणाले तरच मी उभी राहणार. त्यांचं 'नाही' असलं तर मला हे लग्न बेडा, नकोच."

यशस्विनीने त्या दिवसासाठी एक नवी सोय केली. भव्याचा फोटो दाबला की पुढे एकच मोठं उजळ बटण यायचं, 'मुलगी दिली'. काकांनी ते वाक्य खास खणखणीत आवाजात भरून दिलं. आणि आप्पा ते दाबेनात. विश्वेश आवडला का म्हणून विचारलं तर 'हो' दाबायचे. मग मुलगी देणार का विचारलं की पडद्यावरचा हात काढून मांडीवर ठेवायचे. पुन्हा विचारलं की मान फिरवायचे. दोन रविवार असे गेले. ब्राह्मणाचं घर म्हणून मनात असेल, असं काका म्हणाले. मला ते लागलं. भव्याने ऐकलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन बसली, कुणाशी बोलेना.

त्या दुपारी मी तिथेच होते. यशस्विनी आप्पांच्या मागे उभी राहून पडद्याकडे बघत होती. मला जागा मिळाली ती टेबलाच्या पलीकडे, पडद्याच्या पाठीशी. मला चित्रं दिसत नव्हती, दिसत होता आप्पांचा चेहरा आणि डाव्या हाताचं बोट. यंत्रातून काकांचा आवाज आला, "भव्या." मग बोट दुसरीकडे गेलं आणि दाबलं. यंत्र गप्प. पुन्हा तिथेच दाबलं. गप्प. मग जोरात दाबलं, नखाचा रंग पांढरा होईपर्यंत. गप्प. आप्पांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दुकानात उभं असावं आणि कुणी लक्षच देऊ नये, तशी लाज होती त्या नजरेत. माझं डोकं फिरलं.

"यंत्र बोलत का नाही?" मी विचारलं.

"फिक्या चित्राला हात लागायलाय," यशस्विनी म्हणाली. "ते धरत नाही. चुकून लागतंय."

"चुकून एकाच ठिकाणी इतक्यांदा?"

"तुंगा, स्वल्प समजून घे. भव्या म्हटल्यावर पुढं जेवण येऊच शकत नाही. जेवण ही वस्तू हाय."

"म्हणजे ते जेवण दाबतायत?"

ती पडद्यावर आणखी वाकून बघू लागली.

"इकडे ये," मी म्हणाले. "माझ्या जागी बस. पडदा बघू नको, त्यांचं बोट बघ."

ती आली, बसली. आप्पांनी पुन्हा भव्याचा फोटो दाबला आणि मग ते दुसरं चित्र, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. यशस्विनीने त्यांच्या नजरेमागून तिकडे पाहिलं. भव्या सकाळपासून आत बसली होती.

"भव्या जेवली काय, असं विचारायलेत," ती म्हणाली. आवाज इतका बारीक झाला होता की मलाच तो जेमतेम ऐकू आला.

आप्पा म्हणाले, "सरी, सरी, सरी." आणि डोळ्यांतून पाणी.

भव्याला हाक मारून जेवायला बसवलं, मग यशस्विनीने कॉम्प्युटर आपल्याकडे ओढला. ते 'मुलगी दिली' सोडलं तर तिच्या प्रोग्रॅममधलं एकूणएक वाक्य 'मला'पासून सुरू व्हायचं. मला पाणी पाहिजे, मला झोप आली, मला टीव्ही नको. बापाला मागता यावं म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं, आणि बाप काही विचारेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलं, त्याच्या हातात तिने नुसतं मागणं ठेवलं होतं. आणि तो विचारायला गेला की ती शेवटची ओळ ते गिळत होती. प्रोग्रॅम कधी अडकला नाही तो यामुळेच.

ती ओळ तिने माझ्यासमोर खोडली. कंपायलर लगेच जागा झाला. त्या कंपायलरची रीत अशी की सुटलेल्या गोष्टीचं तो एक उदाहरण देतो: हा निरोप आला तर काय करायचं ते लिहिलेलं नाही. तेवढं लिहिलं की पुढचं उदाहरण. भव्यानंतर जेवण. मग कॉफीनंतर भव्या. मग बसनंतर आई. यशस्विनी एक-एक वाचत होती आणि गालावरून येणारं पाणी पुसायचंही भान तिला नव्हतं. "एवढं सगळं बोलू दिलं नाही मी त्यांना," ती म्हणाली. तिची समजूत घालावी असं मला वाटलं, पण खोटं बोलवेना, म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

तिच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट मात्र मला तेव्हा मान्य करावी लागली. माझ्या हातचा प्रोग्रॅम असता तर ही चूक पन्नास ठिकाणी विखुरलेली असती आणि कधी सापडली नसती. तिच्याकडे ती एका ओळीत, उघड्यावर, तिच्याच अक्षरात होती. नीटनेटक्या माणसाची चूकसुद्धा नीट ठेवलेली असते. पण नीटपणाला आपलं-परकं कळत नाही. चुकीला दार बंद केलं की त्याच दारातून येणारं बाकीचंही बाहेर राहतं, आणि बाहेर कोण थांबलंय हे आत बसून दिसत नाही. हे मला एरवी सुचलं नसतं. मी दार लावायच्याच आळसातली.

ती प्रत्येक उदाहरणाला उत्तर लिहीत बसली नाही. तिने चित्रांच्या जातीच काढून टाकल्या. आता अवस्था म्हणजे फक्त आप्पांनी दाबलेले शब्द, ज्या क्रमाने दाबले त्या क्रमाने. काही फिकं होणार नाही, काही अडवलं जाणार नाही. दाबलं की यंत्र बोलणार, अर्थ लागो न लागो. एवढ्या मेहनतीने बांधलेली रचना तिने संध्याकाळच्या आत मोडली. तिला वाईट वाटलं. तसं तिने बोलूनही दाखवलं.

पुढचे काही दिवस त्या घरात नुसता गोंधळ. आप्पा सकाळपासून टेबलाशी. "कॉफी. बस. नाही. भव्या. कॉफी." यशस्विनीची आई भवानीबाई वैतागल्या. "आधीचं मशीन बरं होतं बाई, गप तरी बसायचं." काका एकदा जुन्या काळातली शिस्त या विषयावर बोलत होते, तर यंत्रातून त्यांच्याच जरबेच्या आवाजात आलं, "दत्तोजीराव. झोप." काकांनी दोन दिवस त्या घरात पाऊल टाकलं नाही. आणि मग एकदा यशस्विनी ऑफिसातून थकून आली, पर्स ठेवते न ठेवते तोच आप्पांनी दाबलं, "यश. जेवण." आणि तिच्याकडे बघत राहिले, उत्तराची वाट पाहत. भवानीबाई हातातलं पातेलं तसंच धरून भिंतीला टेकल्या. त्यांना वाटलं होतं, हा प्रश्न या घरात पुन्हा ऐकू येणार नाही.

'मुलगी दिली' हे बटण यशस्विनीने काढलं नव्हतं. ते कोपऱ्यात होतं, बाकीच्या चित्रांएवढंच. आप्पांनी त्याला अजून हात लावला नव्हता.

निश्चितार्थाच्या आदल्या दिवशी काका आले. "उद्यापुरतं जुनं लाव," ते यशस्विनीला म्हणाले. "भव्या दाबलं की मुलगी दिली. मत्ते, आणखी दुसरं काही दाबताच येऊ नये. चार लोकांत तमाशा नको."

जुना प्रोग्रॅम तिच्याकडे होता. लावायला काहीच वेळ लागला नसता. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की लावावा. माझ्या भावाचं लग्न होतं ते.

"नाही काका," ती म्हणाली.

भव्या दारात उभी होती. "अक्का, उद्या आप्पा नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणाले."

"मग माझं लग्न होणार न्हाई. ठाऊक हाय न तुला?"

"ठाऊक हाय," यशस्विनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण ती उठून कॉम्प्युटरकडे गेली नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सतरंज्या घातल्या, मधे ताटात नारळ, कुंकू, साखर. माझे आईवडील आणि विश्वेश एका बाजूला, भव्या भवानीबाईंजवळ, आणि आप्पा टेबलाशी, कोऱ्या शर्टात. पडदा त्यांच्यासमोर. यशस्विनी भिंतीला पाठ लावून उभी. काकांनी घसा साफ केला आणि विचारलं, "मानाजी, मुलगी दिली?"

आप्पांच्या तोंडून निघालं, "सरी."

काकांनी एक क्षण दवडला नाही. "झालं," म्हणत त्यांनी साखरेची वाटी उचलली. तेवढ्यात आप्पांनी डावा हात टेबलावर आपटला. वाटी तशीच राहिली. आप्पांनी बोट पुढे केलं आणि काकांचाच आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला.

"नाही."

आईने बाबांकडे पाहिलं. विश्वेशने मान खाली घातली, आणि भव्याकडे तर मला बघवेना. काका पडद्याकडे झेपावले. "मशीन बिघडलंय," ते म्हणाले, "बंद कर गं ते." यशस्विनीने त्यांचं मनगट धरलं.

"मशीन बरं हाय, काका. हात काढा."

मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला. तिला माझ्या जागी बसवून बोट बघायला लावणारी मीच, त्याचाही आला.

आप्पांचं बोट चित्रांवरून फिरत होतं. शोधत होतं. कुणी त्यांना मदत केली नाही.

"भव्या," यंत्र म्हणालं.

भव्याने वर पाहिलं.

"जा."

भवानीबाईंनी पदर तोंडाला लावला. आमच्या लोकांत घरातून निघणाऱ्याला नुसतं 'जा' कुणी म्हणत नाही, लेकीला तर नाहीच. काकांचा तो जरबेचा आवाज, आणि तो शब्द. बोट अजून फिरतच होतं. ते एका चित्रावर थांबलं, आणि आप्पांनी सगळा जोर लावून दाबलं.

"ये."

मग त्यांनी हात मांडीवर घेतला. त्यांचं बोलून झालं होतं.

काका गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा पडद्याकडे बघत होते. "नाही म्हणतो, जा म्हणतो, ये म्हणतो. काय समजायचं माणसाने?"

उत्तर माझ्या वडिलांनी दिलं, त्यांच्या नेहमीच्या संथ आवाजात. "दत्तोजीराव, साखर द्या," ते म्हणाले. "मुलगी देत नाही म्हणाले ते. जाऊन ये म्हणाले."

यशस्विनी भिंतीशीच उभी होती आणि सगळ्यांसमोर रडत होती. भव्या उठली. आप्पांच्या पाया पडायला वाकली, त्यांचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "येते, आप्पा."